गंगूआत्यानं ओळखलेला दुसरा ताप

माझे बाबा मरणाच्या दारात होते आणि घरात ते एकाच माणसाला कळलं.

गंगूआत्याला. बाबांची थोरली बहीण.
तिला जाऊन आज वर्ष झालं.

कारवारकडच्या अणशी गावात आमची भातशेती. त्या वर्षी शेतात घालायला बाबा जंगलातून सुका पाला आणत होते. गोचीड चावली आणि माकडताप झाला.
अ‍ॅडमिट केलं. ताप उतरला, डिस्चार्ज मिळाला. आईनं देवाला नारळ दिला.

काही दिवस बरे गेले.

मग एका दुपारी बाबांचं डोकं ठणकायला लागलं. अंग परत तापलं. चहाची बशी धरताना हात थरथरला. मला हाक मारली ती काकाच्या नावानं.

"अशक्तपणा हाय," आई म्हणाली. आम्हालाही तेच वाटलं.

आत्या त्यांच्यासमोर बसली.
"रामा, हनुवटी छातीला लाव बघू."
"न्हाई होत गं अक्का. मान दुखतीय."

आत्या ताडकन उठली. "जीप बोलवा. कारवारला न्यायचं."
"वन्सं, ताप उतरला हुता की..."
"ह्यांचाबी उतरला हुता."

आई जीप बोलवायला धावली.

आत्याच्या नवऱ्यालाही माकडतापच झाला होता. ताप गेला, परत आला, ते बरळायला लागले. अशक्तपणा समजून न्यायला उशीर झाला. ते गेले.
तेव्हा आत्यानं डॉक्टरांना विचारलं होतं, "आमी काय बघायला पायजे हुतं?"
त्यांनी नीट समजावलं. हा ताप काहींना परत येतो आणि मग डोक्यात शिरतो; मान आखडते, हनुवटी छातीला लागत नाही. आत्या ते कधीच विसरली नाही.

कारवारला बाबांना थेट आयसीयूत घेतलं. या तापावर खास औषध नाही, पेशंटला जपावं लागतं. "वेळेत आणलंत," डॉक्टर म्हणाले.
आत्या बाहेरच्या बाकावरून हलली नाही.

बाबांनी डोळे उघडले आणि विचारलं, "अक्का, जेवलीस?"
तेव्हा कुठं ती रडली.

हाताचं कापरं जायला वेळ लागला. पण लावणीला बाबा स्वतः चिखलात उतरले.

पुढं गावात कुणाचा ताप उतरला की आत्या त्याच्या घरी जाऊन बसायची. "आता खरं लक्ष ठेवा," सांगायची. लोक हसायचे.

गेल्या उन्हाळ्यात आत्या नव्हती. शेजारच्या सुनेचा गेलेला ताप परत आला, ती भलतंच बोलायला लागली. यावेळी कुणी हसलं नाही. तिच्या सासूनं तासाभरात तिला गाडीत घातलं.

परवा ती सून भेटली. ठणठणीत आहे.

आत्या, शांत झोप.
आता आमी लक्ष ठेवतो.