न धुतलेली वजडी

रविवारी सकाळी ठाण्याहून स्कूटर काढली ती वजडी (बोकडाचं पोट आणि आतडी) आणायला. न्यूमोनियातून उठल्यापासून आई पेजेपलीकडे काही घेत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "आता काहीही चालेल, पण त्यांनी खायला हवं." आणि आईने महिन्याभरात पहिल्यांदा काही मागितलं, ते नेमकं हे.

वागळे इस्टेटजवळचा खाटीक म्हणाला, "खानावळवाले पहाटेच उचलतात, साहेब. आदल्या दिवशी सांगायचं ना!"

आदल्या दिवशी त्याचंच दुकान बंद होतं, हे मी निदर्शनास आणलं. तो हसला. मी हसलो नाही.

माझा भाचा बोटीवर नोकरीला आहे. इस्तंबूलहून त्याने वजडीच्या सूपचा फोटो पाठवलेला, वर लसूण आणि व्हिनेगर. अशी दुकानं तिथे ओळीने आहेत म्हणे. परक्या मुलखातल्या पोराला तिथे बसल्या जागी वाडगा मिळतो, आणि मी मात्र शिळफाट्याला ट्रकच्या मागे पाऊण तास धूर खात उभा.

डोंबिवलीत मिळाली. पांढरीशुभ्र, पिशवीत बंद.

"मशीनवर धुतलीय काका, डायरेक्ट कुकरला लावा," दुकानदार म्हणाला.

भाव चढा होता, पण घाणीसकट तोलून घेणं मला कधीच पटलेलं नाही. घेण्याआधी घरी फोन केला.

"धुतलेली?" आई म्हणाली. "मग मी काय करू? बसून बघू? महिनाभर बसूनच आहे."

"अगं, तुला खायचीय की धुवायचीय?"

तिने फोन ठेवला.

तसाच पुढे कल्याणला गेलो. खाडीकडच्या गल्लीतल्या दुकानदाराने माझी मागणी दोनदा ऐकून घेतली.

"साफ नको? घरी भांडण झालेलं दिसतंय."

"अजून नाही. ही पिशवी उघडल्यावर होईल."

घरी आई बाल्कनीत पाट टाकून तयारच होती. उकळतं पाणी, चुना, सुरी. सुरीच्या पाठीने ती एकेक तुकडा खरवडत होती. बायकोला वाटण करायला बसवलं होतं, मला बादल्या भरायला. वास सुटला तशी शेजाऱ्यांनी धाडकन खिडकी लावून घेतली.

"लावू देत. शिजल्यावर उघडतील," आई म्हणाली.

उघडली.

धुतल्यावर मी वजन करून पाहिलं होतं. निम्मीसुद्धा उरली नव्हती. जेवताना तसं सांगितलं.

"मोजत बस तू," असं म्हणत आईने भाकरी रश्श्यात कुस्करली. मग ताट पुढे केलं. "अजून एक वाढ."

जगभर लोक हे खातात, पण ते आधी स्वतः खरवडल्याशिवाय भूक लागत नाही असं माणूस आमच्याच घरी आहे. आंचवताना तिने पुढचं सांगितलं, "येत्या रविवारी पाय आण. भाजलेले नकोत, केसांसकट. भाजीन मी."

दोन-तीन दुकानांत चौकशी केली. केसांसकट फक्त कल्याणला मिळतात.

म्हणजे पुन्हा शिळफाटा.