होडीसाठी वाकवलेली झाडं

झाडाला हात लावण्याआधी मामा डोक्यावरची टोपी काढून काखेत धरायचे आणि विचारायचे, "मालकाला काय पायजे?" झाड कसलं, वय किती, कीड लागली का, हे सगळं नंतर.

समुद्रकाठच्या उत्तन गावाच्या डोंगरउतारावर एका ख्रिस्ती कुटुंबाचं पाचेक एकर खासगी रान होतं. त्या कुटुंबाचे कराचे कागद मी पाहायचो आणि मामा रान पाहायचे. गावातलेच, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही.

एकदा मी त्यांना इंद्रलोकमधल्या आमच्या सोसायटीत आणलं. गेटजवळच्या गुलमोहराचं काय करावं, यावर वाद चालला होता. मामांनी टोपी काढली. "तुमाला काय पायजे? सावली, फुलं, का गाडी लावायला जागा?" कमिटीत सात जण, आणि सातांचं एकमत होईना. शेवटी मामा चहा संपवून उठले. "ठरलं की बोलवा." गुलमोहर अजून उभा आहे, कारण अजून ठरलेलं नाही.

रानाच्या थोरल्या मालकांना एक लाकडी होडी बांधायची होती. फळ्यांसाठी साग होताच. पण होडीच्या फासळ्यांना मुळातच वाकडं वाढलेलं लाकूड लागतं. सरळ ओंडका कापून वाकडा केला तर त्याची ताकद जाते. म्हणून मामांनी समुद्राकडच्या अंगाला बाभळी राखल्या. कोवळ्या होत्या तेव्हा दोराने ओढून, दगड टांगून त्यांना बाक दिला. तुम्ही-आम्ही असतो तर ती वेडीवाकडी झाडं आधी तोडायला लावली असती. मामा तिथली सरळ वाढणारी तोडायचे. एखाद्या बाकावरून तळहात फिरवत सांगायचे, "ही पुढच्या टोकाची. ही पोटातली."

पावसाळा सरला की थोरले मालक काठी टेकत वर यायचे.

"काय रे, तोडायची ना यंदा?"

"बारीक हाय अजून. दोन पावसाळे खाऊ दे."

"मलाच खातील रे ते पावसाळे."

"तुमी कुठं जाता? होडीत बसवल्याबिगर सोडनार न्हाय तुमाला."

दोघे हसायचे. मीही हसायचो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

मग एका पावसाळ्यात थोरले मालक गेले. दफन झाल्यावर मामा चर्चच्या पायरीवर टेकले. मला म्हणाले, "काय पायजे ते इचारलं मी. कवा पायजे ते इचारलंच न्हाय."

रान त्यांच्या धाकट्या मुलाकडे आलं. तो बोरिवलीत राहतो, माणूस वाईट नाही. त्याने उतारावर बंगला बांधायला घेतला. मामांनी त्याच्यासमोरही टोपी काढली.

"अंकल, बाल्कनीतून समुद्र दिसला पाहिजे. बाकी तुम्ही बघा."

अर्धवट बांधलेल्या बाल्कनीत प्लास्टिकची खुर्ची टाकून मामा बसून राहिले. बाभळी बरोबर मध्ये येत होत्या.

"वरच्या फांद्या थोड्या छाटतो," ते म्हणाले. "उभा राहिलास का दिसंल समुद्र."

"आणि बसलो की? बसायलाच तर बाल्कनी बांधतोय."

मी मामांना बाजूला घेऊन म्हटलं, सरळ नाही म्हणा. "झाडांत माझा जीव हाय," ते म्हणाले, "मालकी न्हाय." बाभळी तोडायची रीतसर परवानगी आली. प्रत्येक खोडावर गेरूचा पट्टा मामांनी स्वतः ओढला.

लाकूड मात्र त्यांनी मागून घेतलं आणि टेम्पोत घालून किनाऱ्यावरच्या होड्या बांधणाऱ्या सुताराकडे नेलं. मी सोबत होतो. सुताराने एकेक फासळी उचलून पाहिली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.

"मामा, असलं लाकूड मी बापाच्या वेळेला बघितलेलं. पन आता सगळ्यांना फायबरची होडी लागते."

"ठेव तुझ्याकडं. कोन तरी येल."

"ठेवू कुठं? जागा हाय का?"

टेम्पो मामांच्या अंगणात रिकामा झाला. तिथे त्यांनी त्या फासळ्या दोन रांगांत जमिनीत रोवल्या, होडीत जशा बसल्या असत्या तशाच, टोकाला लहान आणि मध्ये मोठ्या. शेजारी चेष्टा करायचे, "मामा, भरती अंगणात कवा येते?"

"येल तवा तुला न्हाय घेनार."

गेल्या हिवाळ्यात मामाही गेले. त्यानंतर महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा सून अंगणात काम करत होती. तिने फासळ्यांना आडवे दोर बांधले होते आणि त्यांवर जबड्यात जबडा अडकवून बोंबील सुकत घातले होते.

"जागा अडकून पडलेली," ती म्हणाली. "घ्या म्हटलं तरी कोन नेत न्हाय. तुमी लांब बसा, कपड्यांना वास लागंल."

मी होतो तिथेच उभा राहिलो. समुद्राकडून वारा येत होता आणि त्या होडीत या टोकापासून त्या टोकापर्यंत बोंबील हलत होते.