पुंजाच्या मांडवातला उजेड

भिमाजीच्या मनात पुंजाबद्दल जे होतं तेच माझ्याही मनात होतं. फरक एवढाच, की धरणाचं पाणी बंद करायचं चाक त्याच्या हाताशी होतं.

आमचं गाव दिंडोरीच्या वरच्या अंगाला होतं. आता तिथे धरणाचं पाणी आहे. पुंजा तेव्हा सरपंच. "पाणी पुढल्या साली भरणार हाय, निवांत राहा," असं गावाला सांगून या गृहस्थाने स्वतःच्या घराचं सागवान आणि पत्रे गुपचूप हलवले. त्याच पावसाळ्यात पाणी चढलं. भिमाजीची आई अंबूबाई देव्हाऱ्यातले कुलदैवतांचे चांदीचे टाक काढायला धावली, पण लोकांनी तिला ओढून बाहेर आणलं. देव आत राहिले. त्या दुःखातच म्हातारी गेली. तेराव्याला भिमाजी सगळ्यांदेखत बोलला, "पुंजाच्या मांडवात अंधार करीन, तवाच नवे टाक घडवीन." तेव्हापासून त्याचा देव्हारा रिकामा आहे.

पुढे प्रकल्पग्रस्त म्हणून त्याला धरणाच्या पायथ्याशी वीजघरातच मदतनिसाची नोकरी लागली. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

साहेबांनी त्याला सगळं नीट समजावलं होतं. धरण पाणी अडवून उंच साठवतं. जेवढी उंची जास्त, तेवढा खाली जोर जास्त. ते पाणी मोठ्या नळातून येऊन चक्राची पाती फिरवतं, चक्रासोबत जनित्र फिरतं आणि वीज होते. पावसाचं पाणी साठवलेलं, म्हणून हे उन्हाळ्यातही चालतं. पाणी मात्र संपत नाही. त्याचा जोर तेवढा काढून घ्यायचा, मग ते कालव्याने शेतांना जातं. यातलं भिमाजीने स्वतःला हवं तेवढंच ऐकलं.

तो पाटाच्या पाण्यावर वाढलेला माणूस. पाटावर वरच्याने बांध घातला की खालचा कोरडा पडतो. विजेचंही तसंच असणार, असं त्याने धरून ठेवलं. वीजघरातून निघणाऱ्या तारेवर पहिलं घर पुंजाचं होतं.

चार वर्षांमागे एप्रिलात पुंजाची थोरली, वेदिका, हिचं लग्न गोरज मुहूर्तावर निघालं. वीजघरातल्या सगळ्यांना जेवायचं आमंत्रण होतं. ऑपरेटर मशीन भिमाजीवर सोपवून पंगतीला आला. मीही गेलो होतो. भिमाजीचा बेत मला ठाऊक होता, म्हणूनच गेलो. हातात अक्षता धरून मी नवरीकडे नाही, दिव्यांच्या माळांकडे बघत होतो.

तिकडे भिमाजीने चाक फिरवून नळ बंद केला. मशीन थांबलं. तो बाहेर येऊन मांडवाकडे पाहू लागला. मांडव झगमगतच राहिला. एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीजघराची, आणखी कुठकुठली वीज तारांच्या एकाच जाळ्यात येते. त्यात आमचं एवढंसं मशीन बंद पडल्याचं कुणाला कळणार? दिवे लुकलुकलेसुद्धा नाहीत, त्यामुळे ऑपरेटरही निर्धास्तपणे जिलब्या खात बसला. सकाळी तो परतेपर्यंत नळ बंदच राहिला.

आणि नळ बंद म्हणजे कालवाही बंद. त्या संध्याकाळी पाण्याची पाळी नेमकी भिमाजीच्या बायकोची, नवसाबाईची होती. ती फावडं घेऊन वांग्यांच्या सरीत उभी होती आणि पाट तिच्या डोळ्यांदेखत आटला. सकाळी पाणी सुटलं तेव्हा पाळी दुसऱ्याची झाली होती.

साहेबांनी भिमाजीला मेमो दिला. उन्हाने वांगी माना टाकू लागली. मग पुंजा आला आणि आपल्या विहिरीचं पाणी त्याने नवसाबाईच्या सऱ्यांत सोडलं. त्याला सगळं कळलं होतं. नवसाबाई नको म्हणाली नाही. मला त्या पाण्याचा जेवढा संताप आला, तेवढा धरणाच्या पाण्याचाही आला नव्हता. त्या वर्षी वांगी झकास आली. भिमाजीने त्यातलं एकही तोंडाला लावलं नाही.

परवा त्याच्या ओट्यावर बसलो होतो. आत देव्हारा रिकामा दिसत होता. मी म्हटलं, "आता टाक घडव बाबा, पुरे झालं."

"त्याची धाकटी लग्नाची हाय अजून," भिमाजी म्हणाला.

आतून नवसाबाई बोलली, "तारीख निघाली की मला आधी सांगा. त्या साली मी वांगी लावायची नाय."