नव्या तांदळाची पेज

ऐंशीच्या सुमाराला मी बोईसरला भाड्याच्या खोलीत राहून मिशनच्या शाळेत शिकवत होते. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की आमच्या म्हाताऱ्या सिस्टर मला हाताशी धरून पालघरच्या सब-जेलला नेत. साबण, तेल, जुने कपडे द्यायचे, मळलेले धुवायला आणायचे, कोणी हो म्हटलं तर प्रार्थना करायची. सिस्टर मंगळूरकडच्या, त्यांचं मराठी अडखळत चालायचं. माझी जीभ तिखट, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे.

त्या वर्षी दिवाळीनंतर तिथे मनोरपलीकडच्या पाड्यावरचा एक वारली होता. जंगलातलं लाकूड तोडल्यावरून धरलेला. जामीन राहायला कोणी नव्हतं. त्यातच त्याला कावीळ झाली. डॉक्टरांनी सांगितलं, पातळ पेजेशिवाय काही देऊ नका. आणि हा नेमका पेजेलाच शिवेना. जमादाराला वाटलं, उपोषणाला बसलाय. आम्ही गेलो तेव्हा त्याला उठून बसायचंही त्राण नव्हतं.

"पेज का घेत नाहीस?" मी विचारलं.

"घरा नवं झालं नाय," तो म्हणाला. "ह्यो तांदूळ नवा का जुना, मला काय ठावं?"

त्यांच्यात नवं भात कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, दाखवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. दाखवायचं घरच्या कर्त्यानं. कर्ता हाच, आणि तो गजाआड. इथला तांदूळ जुनाच असतो म्हणून मी परोपरीनं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. मला त्याचा रागच आला. बाहेर येताना जमादार हळूच म्हणाला, "असाच राहिला तर हातचा जाईल."

दुसऱ्या दिवशी सिस्टर मला घेऊन त्याच्या पाड्यावर गेल्या. कणगीत नवं भात भरलेलं, आणि त्याची बायको पोरांना कंद उकडून घालत होती. "घरचा मानूस आत हाय, मी कसं दाखवू?" ती म्हणाली. तिनं भगताला बोलावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याचं अंगावरचं काय हाय का?"

त्याचा सदरा सिस्टरांच्या पिशवीत होता, धुवायला आणलेला.

"धुतला नाय ना? मंग चालंल."

सदरा पाटावर, त्याच्या जागी ठेवला. बायकोनं हात जोडून नवं दाखवलं. सिस्टर अंगणाच्या कडेला मान खाली घालून उभ्या होत्या. मग बायकोनं देवीपुढचे तांदूळ फडक्यात बांधून त्यांच्या हातात दिले. "त्याला घाला," एवढंच म्हणाली.

परतताना एसटीत माझ्याच्यानं राहवलं नाही. "सिस्टर, दुसऱ्या देवापुढचं खाऊ नये असं आपणच मुलांना शिकवतो. आणि आता नैवेद्य पोचवायचं कामही आपणच करायचं?"

"खाणार तो आहे," त्या म्हणाल्या. "आपण नाही."

पेज त्यांनी स्वतः शिजवली. सकाळी वाटी त्याच्या हातात दिली आणि मी सगळं सांगितलं: भगत, सदरा, बायकोनं जोडलेले हात. तो रडला. रडू ओसरल्यावर त्यानं वाटी उचलली आणि सिस्टरांपुढे धरली.

"आधी मोठ्यानं खायाचं. हितं मोठी तूच, आये."

सिस्टरांचा हात गळ्यातल्या क्रुसाकडे गेला. त्या नाही म्हणाल्या असत्या तर वाटी तशीच परत गेली असती, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. तो वाटी खाली घेत नव्हता.

सिस्टरांनी वाटी घेतली, दोन घोट घेतले आणि वाटी त्याच्या ओठांना लावली. तो सगळी पेज प्यायला.

रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, "हे पाप म्हणून फादरांना कुमसारात सांगाल?"

"सांगेन," सिस्टर म्हणाल्या. "पण पश्चात्ताप झालाय, असं मला सांगता येणार नाही."