ओठ सैल सोडा, पावणं

"ओठ सैल सोडा, पावणं!" एक डोळा मिटून, समोरच्याच्या हनुवटीपुढे अंगठा धरून तो म्हणायचा. पेशंटला, चहावाल्याला, कुणालाही. तुम्ही कोल्हापूरचे असाल तर तुम्हालाही म्हणाला असेल.

आम्ही दोघेही जबड्याची ऑपरेशनं करणारे. नव्वदच्या दशकात दोघांची सामग्री सारखीच होती: एक्स-रे, ट्रेसिंग पेपर, पेन्सिल, प्लास्टरचे दात. मग त्याने कॉम्प्युटर आणला. जबडा किती सरकवायचा, नंतर चेहरा कसा दिसेल, सगळं पडद्यावर आधीच दिसू लागलं. आजऱ्याचे, गडहिंग्लजचे लोक एसटीतून उतरून माझ्या पाटीखालून थेट त्याच्याकडे जायचे. मी जळायचो. मिलिमीटरभर तरी घोळ व्हावा म्हणून वाट बघायचो. ऑपरेशननंतरचा एक्स-रे तो आधीच्या आराखड्यावर ठेवून दाखवायचा, "बसलं की!" आणि मेली हाडाची रेघ रेघेवर बसलेली असायची.

एकदा माझी सख्खी भाचीच त्याच्याकडे गेली. वरचा जबडा लांब, त्यामुळे तिचे ओठ मिटत नसत. "मामा, तिथं आधी चेहरा दाखवतात," म्हणाली. फार झोंबलं.

तिच्यासोबत मीही गेलो, तर त्याने मला पडद्यापुढे बसवलं. "बघा, कसं काय?" आकडे चोख होते, पण एक्स-रेतला ओठ तिचा नव्हता. फोटो म्हटलं की पोर लहानपणापासून दात झाकायला ओठ आवळून धरते. एक्स-रेलाही तिने तेच केलं होतं, आणि त्या ताणलेल्या ओठावर कॉम्प्युटरने सगळा हिशेब मांडला होता. ओठ खाली ताणला की दात कमी दिसतात; त्या हिशेबाने जबडा हवा तेवढा वर गेलाच नसता.

ज्या चुकीची इतकी वर्षं वाट बघितली, ती आली ती नेमकी भाचीच्या तोंडावर. मी म्हणालो, "तिला ओठ सैल सोडायला सांगा."

तो खुर्चीतून उठलाच. "आयला! कॉम्प्युटरला काय म्हाईत पोरीची सवय!" बाहेर बसलेल्या पेशंटांना ओरडून सांगितलं, "ह्यांनी पकडलं बघा, मी न्हाय!" पुन्हा एक्स-रे काढला, पुन्हा आराखडा केला. ऑपरेशननंतर रेघ रेघेवर बसली. भाचीचे ओठ आपसूक मिटू लागले. माझं वाक्य मात्र त्याने कायमचं उचललं. स्वतःची चूक सापडल्यावर इतकं खूश होता येतं, याचाही मला हेवा वाटला.

त्याच्या शोकसभेत कुणीतरी अंगठा धरून नक्कल केली, "ओठ सैल सोडा, पावणं!" सगळे रडता रडता हसले. भाची तर दात दिसतील याची फिकीर न करता तोंडभर हसली. ते वाक्य माझं आहे, हे भरल्या सभेत ओरडून सांगणारा तेवढा एक तोच नव्हता. मी ओठ आवळून बसलो.