शुक्रवारचा आकाशी ब्लाउज

माझा नवरा ठणठणीत असताना मी त्याच्याबद्दलचं सांत्वन स्वीकारलेलं आहे, तेही भर हळदीकुंकवात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. विलास जहाजावर थर्ड इंजिनिअर होता आणि मी सिंगापुरात, तेलोक ब्लांगाच्या सातव्या मजल्यावर, फोनपाशी. बंदर लागलं की फोन करायचा, हा आमचा ठराव. या खेपेला बारा दिवस फोन नव्हता. म्हणजे वाजायचा, पण दर वेळी राँग नंबर! माझं जेवणावरचं मनच उडालं होतं.

शेजारची माली थायलंडची. तिचा नवरा विलासच्याच कंपनीच्या ऑफिसात होता. माझं तोंड बघून तिने आपल्या मोडक्या इंग्रजीत तोडगा सांगितला: वाराचा रंग अंगावर घाल, संकट फिरकत नाही. सोमवारी पिवळा, मंगळवारी गुलाबी, बुधवारी हिरवा, गुरुवारी नारिंगी, शुक्रवारी आकाशी. (सोमवारचे उपास मी धरलेलेच होते. पण नवरा समुद्रात असला की बाई कुठल्याही देशाचा तोडगा चालवून घेते.) चार दिवस मी बिनचूक रंग पाळले.

घोळ झाला शुक्रवारी. त्या दिवशी नेमकी संक्रांत!

संक्रांत म्हणजे काळी साडी. माली म्हणते आकाशी. तासभर कपाटासमोर उभी राहून मी दोन्हीकडचे देव सांभाळले: काळी साडी नेसले आणि आकाशी ब्लाउज घातला. ते इतकं विजोड दिसत होतं, की दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन मी ब्लाउज पार झाकून टाकला.

संध्याकाळी हळदीकुंकवाला कुलकर्णीवहिनी धरून ओळखीच्या सहाजणी मराठी बायका आल्या, सगळ्या काळ्या साड्यांत. आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये देव टीव्हीच्या कपाटावर, आणि शेजारी विलासचा फोटो. देवांची उदबत्ती त्यालाही मिळायची. एवढ्यात मालीही आली, छान आकाशी रेशमी पोशाखात; तिलाही मी बोलावलं होतं. तिने आम्हा सातजणींकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, उदबत्तीकडे पाहिलं आणि आल्या पावली परत गेली.

पाच मिनिटांत पुन्हा आली ती काळ्या कपड्यांत, हातात पांढरी फुलं घेऊन. मला भरूनच आलं. किती समजूतदार बाई, न सांगता संक्रांत पाळली! तिने फुलं विलासच्या फोटोपुढे ठेवली, हात जोडले आणि माझ्या गळ्यात पडून हमसून रडायला लागली.

हिचा नवरा ऑफिसात. म्हणजे ऑफिसला बातमी आली, आणि बिचारी ती सांगायला आली!

मी टाहो फोडला. मी रडतेय म्हटल्यावर मालीची उरलीसुरली शंका फिटली आणि तिने सूर वाढवला. बाकीच्या सहाजणी कशाला मागे राहताहेत! कुलकर्णीवहिनी नेमक्या मला कुंकू लावायला पुढे झाल्या होत्या. त्यांचं बोट कपाळापासून चार अंगुळांवर थांबलं. लावावं की लावू नये, हे त्यांना कळेना, आणि विचारायचं तरी कुणाला!

तेवढ्यात फोन वाजला. मी हुंदके देत उचलला.

"अगं, तीळगूळ घ्या, गोड बोला. इंजिन बंद पडलं होतं, आज बंदराला लागलो. रडतेस का?"

"अहो, तुम्ही गेलात म्हणून."

"कुठे गेलो?"

फोन तसाच धरून मी मालीला विचारलं, विलास तर बोलतोय, मग बातमी कुणी दिली? माली गोंधळली. म्हणाली, "तूच दिलीस. तू काळं घातलंस." तिच्याकडे काळं फक्त माणूस गेल्यावर घालतात. आमच्याकडेही एरवी सणाला वर्ज्यच, फक्त संक्रांतीला चालतं, हे तिला कसं समजवावं ते सातजणींपैकी एकीलाही सुचलं नाही. शेवटी मी पदर बाजूला करून तिला ब्लाउज दाखवला. तिचा चेहरा उजळला. म्हणजे तोडगा लागू पडला होता! कुलकर्णीवहिनींनी घाईघाईने कुंकू लावलं, जरा जास्तच मोठं.

त्या आकाशी ब्लाउजमुळे नवरा सुखरूप पोचला, असं मी आजही सगळ्यांना सांगते. विलास शांतपणे ऐकून घेतो आणि दर वेळी एवढंच विचारतो, "ब्लाउजने वाचवलं हे कबूल. पण मला मारलं होतं कुणी?"

मग मी चहा ठेवायला आत जाते.