आत्याची सिगार, अंगणात

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. वडील शिक्षक होते. शाळा सुटली की ते पत्रकं लिहायचे आणि छापून आलेल्या गठ्ठ्यांच्या घड्या घालायचं काम माझं. हुंडा, जात, दारू, सातबाऱ्यावर बाईचं नाव. पुढं नांदेडला नोकरीला लागल्यावर मीही लिहायला लागले. त्यातली दोन पत्रकं मला फार जवळची होती. एक तंबाखूविरुद्धचं, दुसरं बाईला पुरुषाइतकीच मोकळीक मिळावी म्हणून. ही दोन कधी एकमेकांसमोर उभी ठाकतील, असं वाटलं नव्हतं. ती उभी केली माझ्या आत्यानं.

आत्या वडिलांची थोरली बहीण. तिचं सासर देगलूरकडचं. तिकडं म्हाताऱ्या बाया उंबऱ्यावर बसून चुट्टा ओढतात. चुट्टा म्हणजे तंबाखूच्या पानाची जाड, गावठी गुंडाळी. आत्यालाही ती सवय लागली. नवरा गेल्यावर ती लातूरला आमच्याकडे आली आणि सवय तिच्यासोबत आली. पण आमची गल्ली वेगळी. इथं बाया ओट्यावर बसून तासभर मिसरी लावतील, त्याला कोणी काही म्हणत नाही. तोंडातून धूर निघाला तर मात्र बाई वाया गेली. म्हणून आत्या मागच्या न्हाणीघरात, दार ओढून घेऊन ओढायची. बाहेर आली की बडीशेप चघळायची. घरभर वास यायचा आणि घरात कोणालाच तो येत नसायचा. बाईच्या मोकळिकीवर पानंच्या पानं लिहिणाऱ्या माझ्या वडिलांनाही नाही.

यंदा आत्याच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला. मी तिला तपासणीसाठी नांदेडला बोलावून घेतलं. तुकडा काढून तपासला. अजून कॅन्सर नाही, पण तंबाखू आजच्या आज बंद करा, मिसरीसुद्धा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. आत्यानं मान डोलावली. तिला लातूरला सोडायला मी एसटीनं निघाले. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, तेव्हा ती म्हणाली, "पोरी, चुट्टे मी तुझ्या खोलीवरच फेकून आले. आता न्हाई ओढायची."

"शाब्बास!"

"एक राहिली हाय. तुझ्या मामांची."

मामा म्हणजे तिचे यजमान. ते पुढं आत्याला घेऊन हैदराबादला गेले, तिथं एका क्लबात वाढपी होते. क्लबातला कोणी साहेब देश सोडून जाताना त्यांना सिगारींची पेटी देऊन गेला होता. नवरा-बायकोनं मिळून त्या ओढल्या, वर्षा-दोन वर्षांत एखादी, सणासारखी. शेवटची ओढायच्या आधी मामा गेले.

"ती वडायची आन् मग बंद. पण माय, शेवटची मी चोरून न्हाई वडणार. अंगणात बसून वडणार. भावाच्या घरी, भावाच्या डोळ्यांदेखत."

माझ्या डोक्यात गाडी सुरू होण्याआधीच पत्रक सुरू झालं. गल्लीतल्या बायांना बोलवू, चार शब्द बोलू, तूही बोल. आणि त्याच वेळी दुसरं पत्रक ओरडत होतं, की डॉक्टर आजच्या आज म्हणाल्यात आणि तू हिला सिगार ओढू देणार? मी दोन्ही बोलून दाखवलं. आत्यानं ऐकून घेतलं.

"झालं तुझं? मला भाषण नको. मला खुर्ची पाहिजे. तेवढी अंगणात आणून टाक."

"आणि बाबा?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. "त्यो आत जा म्हणला, तर जाईन मी. घर त्याचं हाय. पण मग मी हितं पाव्हणीच होते, असं समजंन."

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील भाजी आणायला गेले आणि मी खुर्ची टाकली. आत्यानं तिचा पितळी पानाचा डबा आणला. खाली ओल्या फडक्यात नागवेलीची पानं, वरच्या कप्प्यात लाकडी पेटी. इतकी वर्षं ती उन्हाळ्यात फडकं ओलं ठेवायची आणि पावसाळ्यात पेटी उघडून वारा द्यायची. लातूरच्या उन्हात माणसाच्या टाचा फुटतात, पण त्या सिगारीला तडा नव्हता. जुन्या गुळाच्या रंगाची, हाताला किंचित तेलकट, बोटानं दाबली की दबून परत वर येणारी.

आत्यानं तिचं टोक अडकित्त्यानं उडवलं, सुपारीचं पापुद्र्याएवढं कातर काढावं तसं. मी काडी ओढून लगेच पुढं केली, तर तिनं माझा हात धरला.

"गंधक जळू दे आधी. न्हाई तर पयला घोट काडीचाच लागतो, असं हे म्हणायचे."

सिगार फिरवत, ज्योतीला न टेकवता, तिनं ती पेटवली. धूर तोंडात धरला, जरा वेळ ठेवला आणि सोडून दिला. उन्हात तापलेल्या कडब्याच्या गंजीचा वास आला, मग गुऱ्हाळात काहिलीच्या तळाशी लागलेल्या पाकाचा. मी तंबाखूविरुद्ध लिहिलेलं सगळं आजही खरं मानते. पण तो वास सुंदर होता, आणि हे न लिहिणं खोटेपणाचं होईल.

"मी एक घोट घेऊ?"

"गिळू नको. न्हाई तर पत्रक राहील अर्धं."

मी गिळलाच. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. आत्या पदर तोंडावर धरून हसत होती, तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून, दातांवर मिसरीचं बोट फिरवत, शेजारच्या काकू ओरडल्या, "अगं बया! आक्काबाई, इंजिन झालाव की हो!"

"बसा की डब्यात!" आत्या म्हणाली.

काकू हसल्या. आणि हसता हसता एकदम थांबल्या, कारण फाटकात वडील उभे होते. हातात पिशवी, पिशवीतून शेपू बाहेर आलेला.

आत्यानं सिगार खाली नेली नाही.

"आक्का, हे काय?"

"सिगार हाय. तुझ्या दाजींची. शेवटली."

"लोक बघून राहिलेत."

"व्हय. म्हणून तर भायेर बसले."

वडिलांनी काकूंच्या ओट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार होते. माझ्याजवळ त्यांचीच दहा वाक्यं तयार होती, त्यांनीच लिहिलेली. पण आत्या माझ्याकडे बघतही नव्हती. ती फक्त भावाकडे बघत होती. म्हणून मी गप्प बसले.

वडील आत गेले. आतून पिशवी ठेवल्याचा आवाज आला.

"आत जा तरी न्हाई म्हणला," आत्या हळूच पुटपुटली.

मग ते बाहेर आले. हातात चहाची बशी, रिकामी. ती आत्याच्या खुर्चीच्या हाताजवळ ठेवत म्हणाले, "राख पडायला." आणि पायरीवर बसले, तिच्या पायांपाशी.

"मला माहीत होतं आक्का. पहिल्यापासून."

"तुला माहीत हाय, हे मला बी माहीत होतं."

"बोललो असतो तर तुला लाज वाटली असती."

"न्हाई बोललास, म्हणून वाटत राह्यली."

वडिलांनी बशी तिच्या हाताजवळ आणखी सरकवली. आत्यानं सिगार त्यांच्यापुढं धरली. "घे."

ते चक्क दचकले. वडील पूर्वी विडी ओढायचे, पण आपल्याकडे धाकट्यानं थोरल्यासमोर ओढायची नसते. थोरला रस्त्यानं येताना दिसला तरी विडी मुठीत विझते. "तुझ्यासमोर? तू थोरली आहेस."

"थोरली हाय म्हणूनच सांगून राहिले. घे."

पांढऱ्या मिशांच्या त्या माणसानं सिगार घेतली, भिंतीकडे तोंड फिरवलं आणि शाळकरी पोरासारखा घाईघाईनं एक झुरका मारला. परत देताना त्यांचे कान लाल झाले होते.

"कशी हाय?"

"गोडसर लागते." मग म्हणाले, "आक्का, दाजी कसे होते गं? ते गेल्यावर मी कधी विचारलंच नाही. वाटायचं, तू रडशील."

"रडले असते की. त्यात काय?" आत्या म्हणाली आणि सांगायला लागली. मामा क्लबातून चालत घरी यायचे. साहेबलोकांची नक्कल करून दाखवायचे. तेलुगूत भांडायचे आणि मराठीत माफी मागायचे. पोळी जाड झाली की म्हणायचे, "मॅडम, ही डबल बेडची गादी हाय का?" वडील इतके हसले, की काकू मिसरी धुऊन इकडंच येऊन बसल्या.

आत्या सांगत राहिली. सिगार बशीच्या काठावर टेकवून दोन्ही हातांनी सांगत राहिली. अर्धीअधिक उरलेली असताना ती आपोआप विझली. काड्यांची पेटी माझ्याजवळच होती. आत्यानं ती मागितली नाही.